ठकीची वाकळ

ठकीनं त्या संध्याकाळी कंपाऊंडच्या भिंतीवर बसून माझ्याकडं जसं बघितलं, ते बघणं अजून मनातून जात नाही. राग नव्हता त्यात. रागावलेली ठकी मला माहितीये, ती कान पाडते, शेपटी आपटते, बंड्याला, आमच्या दुसऱ्या मांजराला, एक ठेवून देते आणि विषय संपतो. हे तसलं काही नव्हतं. चारी पाय पोटाखाली घेऊन ती बसली होती, मी खालून वाटी वाजवत होतो, ठके ये गं, ये बाई म्हणत होतो आणि ती नुसती बघत होती, एसटी स्टँडवर एखादं अनोळखी माणूस आपल्याकडं बघतं ना, तसं. आठ वर्षांत वाटी वाजली आणि ठकी आली नाही असं कधी झालं नव्हतं. मग लाइट गेली, पाच-सात मिनिटांनी आली, आणि भिंतीवर कुणी नव्हतं.

आत हॉलमधे दाणा ओरडत होता.

दाणा मोंढ्यातला. मी अडत दुकानावर मुनीम आहे, आणि सप्टेंबर संपता संपता नवं सोयाबीन यायला लागलं की आमच्याकडं मान वर करायला वेळ नसतो. त्यात बारदानाची थप्पी हलवताना हमालांना मागं चार पिल्लं सापडली. दुकानात मांजरं असतातच, धान्य आलं की उंदीर आला आणि उंदीर आला की मांजर आलं. माणसाची आणि मांजराची ओळखच तिथनं झालीय, सायप्रस बेटावर सुमारे 9500 वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलंय, त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं आहे. तिथंही कणग्या असतील, तिथंही कुणीतरी माप घालत असेल असं मला ते वाचल्यापासून वाटतं. तर थप्पी हलली म्हणल्यावर पिल्लांची आई बिथरली आणि तिनं एकेक पिल्लू मानेला धरून पत्र्याच्या पलीकडं न्यायला सुरुवात केली, मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात ते उगं नाही. तीन नेली. चौथ्याला न्यायला आलीच नाही. आमचे एक म्हातारे हमाल आहेत, ते म्हणाले, हात लावू नका मुनीमजी, माय येईल. म्हणून एक अख्खी रात्र आणि दुसरा अख्खा दिवस आम्ही तो कोपरा मोकळा ठेवला, तिकडनं माल नेला नाही. ती काही आली नाही, रस्त्यावर काय झालं असेल तिचं देव जाणे. दुसऱ्या दिवशी सौदा झाल्यावर मी ते पिल्लू सॅम्पलच्या छोट्या काट्यावर ठेवलं. 430 ग्रॅम. शेतकऱ्याच्या सोयाबीनचं मॉइश्चर 12 च्या वर गेलं तर भाव पाडायचा, तो आमचा काटा आणि ते आमचं मशीन, त्या टेबलावर हे निळ्या डोळ्यांचं पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी थरथर कापत उभं होतं. म्हाताऱ्या हमालानंच नाव ठेवलं, सांडलेला दाणा आहे म्हणाले, उचलायलाच लागतो.

उचलला. आणि घरी येऊन जे करायला नको होतं नेमकं तेच केलं.

हॉलच्या मधोमध खोकं ठेवलं आणि उघडलं. एवढंच. आम्ही लहानपणी असंच करायचो की, पिल्लू आणायचं, ओसरीवर सोडायचं, जुनं मांजर दोन दिवस गुरगुरायचं आणि मग सगळं आपोआप व्हायचं. किंवा होत असेल असं आम्हाला वाटायचं, कारण मांजरांकडं बघत बसायला कुणाला वेळ होता. बंड्या आला, लांबनं मान काढून वास घेतला, मागं सरकून बसला. ठकी स्वयंपाकघरातनं आली. तिच्या पाठीवरचे केस असे उभे राहिले की ती दुप्पट दिसायला लागली आणि ती फिस्कारली. आणि खोक्यातनं ते मूठभर पिल्लूसुद्धा तिच्यावर फिस्कारलं, त्याचं पाठीचं कमान करून उभं राहणं बघून पोरगी हसली, बायको हसली, मी पण हसलो, मोबाईल काढला. ठकीनं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा बघितलं. मग ती वळली आणि तिच्या ट्रंकेवर उडी मारली. तिथं तिनं पत्रा हुंगला, या टोकापासनं त्या टोकापर्यंत, आणि खाली उतरून खिडकीतनं बाहेर गेली.

ते ट्रंक हुंगणं मी बघितलं होतं. कळलं नव्हतं.

दोन रात्री ती आली नाही. मी टॉर्च घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या, नाल्याकडं जाऊन आलो, लोकांच्या जिन्याखाली वाकून वाकून बघितलं, रात्री साडेअकराला कुणाच्या तरी गेटपाशी ठके ठके करणारा माणूस कसा दिसत असेल ते दिसू दे. ठकी आमच्याकडं 2016 च्या उन्हाळ्यात आली. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ते दिवस. आमच्या टाकीच्या नळाखाली थेंब थेंब गळायचं तिथं बादली लावलेली असायची, त्या बादलीच्या कडेला एक तीनरंगी हाडाचा सापळा पुढचे दोन पाय ठेवून पाणी प्यायचा. तीनरंगी म्हणजे बहुतेक मादीच असते, ते तेव्हा माहीत नव्हतं. त्या दिवसांत माणसं माणसाला तांब्याभर पाणी देताना विचार करायची आणि माझी आई त्या मांजरासाठी रोज वेगळी वाटी भरून ठेवायची. ती वाटी म्हणजे ही वाटी. म्हणून मला ती भिंत आणि ते न येणं फार लागलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे खिडकीत आवाज आला. आली. पातेलं हुंगलं, खाल्लं नाही, सगळं घर एकदा फिरली, आणि सरळ माझ्या पलंगावर चढून मधोमध मुतली. चादर धुतलेली, इस्त्रीची. बायकोनं झाडू उचलला. आई देवघरातनं ओरडली, तिचा आवाज एवढा मोठा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"मारू नका गं तिला! तिला घर सापडंना झालंय."

मग आई मला म्हणाली, "तिची वाकळ कुठंय?"

वाकळ दोरीवर होती. घटस्थापना तीन-चार दिवसांवर आलेली आणि आम्ही दसरा काढला होता. आता हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको, घरातलं झाडून सगळं धुवायचं, अंथरुणं-पांघरुणं, पडदे, गाद्यांच्या खोळी, डबे, भांडी, भिंतीसुद्धा पुसायच्या. पोरगी दिवसभर पाइप धरून उभी होती, मी तीन बादल्या फिनेल टाकून फरशी घासली होती. घराला एक नवाच वास होता, साबणाचा आणि फिनेलचा, आणि आम्हाला तो किती छान वाटत होता. ट्रंकेवरची ठकीची वाकळ पण त्यात गेली. आठ वर्षं ती तिच्यावर झोपली होती. कशी दिसायची ती सांगता येत नाही, एका बाजूला केसांचा नुसता थर, मधे तिच्या अंगाच्या मापाचा खड्डा. बायकोनं गरम पाण्यात रात्रभर भिजवून दोनदा धोपटून काढली तेव्हा पहिल्यांदा दिसलं की तिच्यात एक जांभळा तुकडा पण आहे.

म्हणजे असं झालं होतं. सकाळी आम्ही तिचं सगळं घर पुसून टाकलं आणि संध्याकाळी त्या पुसलेल्या घरात एक परकं आणून ठेवलं. आणि हसलो.

डॉक्टरांकडं गेलो तेव्हा त्यांनी आधी माझी खरडपट्टी काढली, ती फिनेलवरनं. मांजराचं लिव्हर असल्या केमिकलचा निचरा करू शकत नाही, ते फरशीवर चालतं आणि मग पंजे चाटतं, फिनेल मांजराच्या घरात आणायचंच नाही. आठ वर्षं मी ते वापरत होतो. मग त्यांनी दाण्याचे दात बघून पाच आठवड्यांचा असेल म्हणून सांगितलं आणि विचारलं काय घातलं खायला, तर मी मोठ्या तोंडानं म्हणालो, दूध. गाईचं दूध बंद करा म्हणाले, जुलाब लागून एवढंसं पिल्लू दोन दिवसांत जातं. पिल्लांचं खाणं मिळतं ते पाण्यात भिजवून द्या, नाहीतर चिकन उकडून, बिनमिठाचं, बोटानं कुस्करून. आणि पहिलं, आजच्या आज, वेगळी खोली. दोन आठवडे तरी. एक तर बाहेरचं पिल्लू काय आजार घेऊन आलंय ते कळायला तेवढे दिवस जातात, मांजरांतला तो जुलाब-उलट्यांचा व्हायरस घरात शिरला तर वर्षभर जात नाही, ठकीचं बूस्टर पण चुकलंय तुमचं. आणि दुसरं म्हणाले, मांजर कळपातलं जनावर नाही. त्याचं घर म्हणजे त्याच्या वासाचा नकाशा. गालांवर, हनुवटीवर, पंजांखाली त्याच्या वासाच्या गाठी असतात, दाराच्या कडेला, खुर्चीच्या पायाला, तुमच्या पोटरीला ते गाल घासतं ना, ते लाडात येऊन नाही नुसतं, ते लिहून ठेवतं की हे माझं आहे. वरच्या दातांच्या मागं टाळूत वासाचं एक निराळंच इंद्रिय असतं, तोंड अर्धवट उघडून मांजर जे थिजल्यासारखं थांबतं ते त्यासाठी.

तोंड अर्धवट उघडून. ट्रंकेवर ठकी तशीच थांबली होती.

गाडीवर येताना सगळा रस्ता मला माझी आज्जी आठवत होती. आईची आई. ते दिवस पण तसेच, सप्टेंबर संपायचे, त्या दिवसांत आई दरवर्षी गप्प गप्प असते आणि आम्ही तिला विचारत नाही. आज्जीचं गाव औसा तालुक्यातलं. गणपती विसर्जनाची रात्र, गाव उशिरा झोपलेलं, आणि पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जे झालं ते, त्र्याण्णवचा भूकंप. आज्जी अंगणात बाजेवर होती आणि मामा गणपतीच्या मंडपातच झोपलेला म्हणून दोघं वाचली. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, ते घर जागेवर बसलं. गल्लीतली कोण कोण गेली ते आज्जी बोटांवर मोजायची आणि मधेच मोजायची थांबायची. मी 12 वर्षांचा होतो, मला तेव्हा जे कळलं ते फक्त मनीपुरतं. मनी म्हणजे आज्जीचं मांजर, चौथ्या दिवशी ढिगाऱ्यातनं स्वतःहून बाहेर आलं होतं, धुळीनं पांढरं. आधी पत्र्याचे शेड मिळाले, मग पुढं नव्या गावात घर. जी 52 गावं जुनी जागा सोडून नवी वसवली त्यातलं आमचं एक. मामानं मनीला पोत्यात घालून नव्या गावाला आणलं, दुसऱ्या दिवशी मनी गायब. तिसऱ्या दिवशी जुन्या गावठाणात आमच्याच ढिगाऱ्यावर बसलेली. तीन किलोमीटर. परत पोत्यात घालून आणलं, परत गेली. मग मामा म्हणाला जाऊ दे आता, आणि आज्जी रोज सकाळी भाकरीचा तुकडा आणि तांब्यात दूध घेऊन तीन किलोमीटर जायची आणि तीन किलोमीटर यायची. मी एकदा तिच्याबरोबर गेलो होतो. ढिगाऱ्यात बाभळी उगवलेल्या, मनी एका दगडावर. आज्जीनं दूध ओतलं आणि मला म्हणाली, "हिचं खरं हाय बग. मला बी पाय हायेत, पर मला कुणी ऱ्हाऊ दिना हितं."

नव्या गावातले रस्ते रुंद, सरळ, घरं एका मापाची, एका ओळीत. आज्जी विहिरीवरनं येताना दुसऱ्याच्या दारात जाऊन उभी राहायची. मग तिनं एक गोष्ट केली. सिमेंटची कोबा केलेली जमीन होती, तिच्यावर ती शेण-मातीनं सारवायला लागली. मामा ओरडायचा, बाई अगं सिमेंट सारवत नसतेत, पोपडे निघायलेत. आज्जी ऐकायची नाही. जुन्या गावातनं येताना पदरात बांधून ती तिथली पांढरी माती आणायची, मनीकडनं परत येताना, रोज पसाभर, आणि ती कालवून सारवायची. वास लागल्याबिगर घर होत नसतंय म्हणायची. सारवून झालं की भिंतीला पाठ टेकून बसायची. त्या कोब्यावर ते कधी नीट बसलं नाही, चार दिवसांत उडायचं, ती परत सारवायची. कितीतरी वर्षं.

आणि दुपारी ती वाकळा शिवायची. तिची स्वतःची लुगडी फाडून. ढिगाऱ्यातनं जी निघाली ती. ठकीची वाकळ त्यातलीच, आईला दिलेली.

तो जांभळा तुकडा तिच्या लुगड्याचा. आईनं तो धुतलेल्या वाकळेत बघितला आणि काही बोलली नाही. वाकळ घडी केली आणि त्या रात्री स्वतःच्या अंगाखाली घेऊन झोपली. मी म्हणलं, आई अगं ठकीला दे ना ती. म्हणाली, "आता तिला साबणाचा वास हाय. तिच्या वळखीचा वास लागू दे आदी. उगं राह." तीन रात्री आई तिच्यावर झोपली. मग ट्रंकेवर घातली. ठकी चढली, खूप वेळ हुंगत बसली, पुढच्या पायांनी मळायला लागली, कणीक मळतात तसं, डावा-उजवा डावा-उजवा, डोळे मिटून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो आणि मला हलायची भीती वाटत होती.

दाण्याला धान्याच्या खोलीत ठेवलं. ज्वारीचं एक पोतं, खाली गोणपाट, बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून, आणि घमेल्यात वाळू, घराचं काम झालेलं तेव्हाची वाळू मागं पडून होती ती चाळून. डॉक्टर म्हणाले होते मांजरं जितकी त्याच्यापेक्षा एक घमेलं जास्त, म्हणजे चार, आणि एका ठिकाणी मांडायची नाहीत. मग आमचा तो मोज्यांचा उद्योग सुरू झाला. माझा एक धुतलेला मोजा हातात घालून दाण्याच्या गालांवर हळूहळू फिरवायचा आणि तो ठकीच्या वाटीपासून चार हातांवर नुसता ठेवून द्यायचा. दुसरा मोजा ठकीच्या गालांवर आणि तो दाण्याच्या गोणपाटात. पहिल्या दिवशी ठकीनं मोज्यावर फिस्कारलं आणि त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी लांबनं बघितलं. चौथ्या दिवशी मोजा ओलांडून वाटीपाशी गेली. हे मी फोनवर माझ्या बहिणीला सांगत होतो तर ती म्हणाली, दादा तू सोयाबीनचे भाव सांगतोस तसं सांगायलास. पण मला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं त्या दिवसांत. दुकानावर आकडे मांडताना डोक्यात हेच, आज मोजा किती हातांवर ठेवायचा.

आणि एक गोष्ट मी कुणाला बोललो नाही. रात्री सगळे झोपले की मी दाण्याच्या खोलीत जाऊन बसायचो. पाच आठवड्यांचं पिल्लू, या वयात माणसाचा हात लागला तर माणसाचं होतं नाहीतर जन्मभर बुजतं, हे कारण मी स्वतःला देत होतो, ते खरंही आहे, पण मला तिथं बसायला आवडत होतं. तो शर्टाच्या कॉलरमधून आत शिरायचा आणि गळ्यापाशी गुरगुरत झोपायचा, 430 ग्रॅमचं ते मशीन माझ्या हाडांत वाजायचं. खोलीला ज्वारीचा वास, कोंडट, गोड, आज्जीच्या बळदात यायचा तसला. तासभर बसून मी बाहेर यायचो आणि ठकी समोर बसलेली असायची. माझा वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. मी हात पुढं केला की तेवढ्याच अंतरानं मागं सरकायची, जास्त नाही, बरोबर हाताएवढं. दोघांवर सारखी माया करता येते असं माणसं म्हणतात. मला तेव्हा नाही जमलं. मी मग त्या खोलीसाठी एक जुना शर्ट दारामागं टांगून ठेवला, तो घालून आत जायचं आणि काढून, हात धुवून बाहेर. बायको बघायची आणि काही म्हणायची नाही, चादर धुवून धुवून तिचा पण राग गेला होता.

दहाव्या दिवसापासनं जेवण दाराच्या दोन्ही बाजूंना. दार बंद. आतल्या बाजूला दाण्याची वाटी, बाहेर ठकीची आणि बंड्याची, आधी दारापासून लांब, मग रोज वीतभर जवळ. बंड्याचं सोपं होतं, तो दाराखालच्या फटीतनं पंजा घालायचा, आतनं इवलासा पंजा यायचा, त्यांचं तेवढ्यावर जमून गेलं. ठकी दाराकडं पाठ करून खायची, कान मात्र मागं वळलेले. वाटी दारापासून हातभरावर आली त्या दिवशी मला वाटलं झालं आता. दुकानात त्या दिवशी आवक फार, मी दमून आलो, आणि पोरगी म्हणाली पप्पा उघडूया ना, आणि मी उघडलं. दाणा शेपटी वर करून सरळ ठकीकडं पळत गेला, आईच समजला असेल तिला. तिनं त्याला अशी चापट मारली की तो वाटीसकट लोळला, नाकाच्या शेंड्यातनं रक्त. ठकी ट्रंकेवर. मग परत दार बंद, परत मोजे, परत वाटी दहा हातांवर. पोरगी रडली. माझ्यामुळं झालं म्हणत होती, आणि मला तिला सांगता आलं नाही की उघडणारा हात माझा होता.

दिवाळीत फटाक्यांनी तीन दिवस तिघांचेही हाल झाले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बंड्या माळ्यावर, ठकी आईच्या पलंगाखाली, दाणा खोलीत पोत्यामागं. मी मनात कुठंतरी वाट बघत होतो की या भीतीपायी तरी दोघं एका जागी येतील. नाही आली. ज्यानं त्यानं आपापल्या कोपऱ्यात रात्र काढली आणि सकाळी मी तिघांना तीन ठिकाणी खायला घातलं.

त्याच्यानंतर मी घाई सोडून दिली. दाणा आठ आठवड्यांचा झाल्यावर पहिलं इंजेक्शन झालं होतं, मग दुसरं झालं, ठकीचं राहिलेलं पण करून घेतलं. दाराच्या जागी मच्छरदाणीची जाळी ठोकली, म्हणजे दिसायचं पण पोचायचं नाही. दाण्याचे निळे डोळे कधी बदलले कळलंच नाही, एक दिवस बघितलं तर करडईच्या फुलासारखे पिवळे. जाळी रोज दहा मिनिटं उघडायची, मग अर्धा तास. ठकी फिस्कारली की आम्ही तिला गप्प करायचो नाही, ते तिचं बोलणं आहे, डॉक्टर म्हणाले होते, बोलू द्या. दाण्याला उचलायचं आणि लांब न्यायचं. त्याला उचललं तरी आधी वाटी ठकीची, आधी नाव ठकीचं, आणि ट्रंक तर पोरीसकट कुणी हात लावायचा नाही. मी त्यावर डबासुद्धा ठेवू दिला नाही.

डिसेंबरात एक दिवस दाणा ट्रंकेच्या कडेला पाय लावून उभा राहिला. ठकी वरनं बघत होती. तिनं पंजा उचलला. तो थांबला, खाली बसला, आणि फरशीवरच ट्रंकेला टेकून झोपला. ती पंजा तसाच अधांतरी धरून किती वेळ होती काय माहीत, मी बघत होतो तोवर तरी तिनं खाली ठेवला नव्हता.

वेळा अमावस्येला आम्ही सगळे मामाच्या शेतावर गेलो. कोपीत लक्ष्म्यांची पूजा झाली, भज्जी खाल्ली, बाजरीचे उंडे, आंबील पिऊन पिऊन पोट तट्ट. मामा आता थकलाय. मी त्याला विचारलं मनीचं पुढं काय झालं रे, एवढ्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, दोन पावसाळे होती, मग दिसली नाही, बाईनं त्यानंतर पण महिनाभर तरी दूध नेलं असेल. आई ऐकत होती. हातातला उंडा तिनं ताटात ठेवला.

तिन्हीसांजेला घरी आलो. कुलूप काढलं, लाइट लावायच्या आधी आई म्हणाली, थांब. ट्रंकेवर वाकळ, वाकळेवर ठकी, तिच्या त्या खड्ड्यात. आणि वाकळेचं एक टोक खाली लोंबत होतं, जांभळ्या तुकड्याचं, त्या टोकाला अंगाखाली ओढून घेऊन दाणा फरशीवर झोपला होता. ठकीनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. मग हळूच मिटले आणि परत उघडले.

मी वाटी घेतली, पण वाजवली नाही. तशीच भरून ट्रंकेपाशी नेऊन ठेवली.